जुने विमान विकत घेताना

— बी. ए. द्वितीय वर्ष

विमान विकत घेणे हा विषय जालना जिल्ह्यातील एका विद्यार्थ्याने लेखासाठी निवडावा, याचे काहींना हसू येईल. ज्या भागात बैलजोडी, जुना ट्रॅक्टर किंवा दुसऱ्याने वापरलेली मोटारसायकल घेताना घरातील चार माणसे चार दिवस विचार करतात, त्या भागात विमानाची गोष्ट म्हणजे आभाळातलीच गोष्ट! परंतु जुनी वस्तू पारखून घेण्याची विद्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. बाजारात बैल घेताना आपण आधी त्याचे दात पाहतो, मग खूर पाहतो, खांदा पाहतो, चालवून पाहतो आणि मगच रुमालाखाली बोटे धरून भाव करतो. वापरलेले एकइंजिनी विमान घेणारा माणूस याहून फारसे वेगळे काही करीत नाही. मात्र त्याने बारकाईने पाहिले नाही तर नुकसान केवळ पैशाचे होत नाही, जिवावर बेतते. ही पारख कशी करतात, हे ग्रंथालयातील वाचनातून व माहितगारांना विचारून जसे समजले तसे येथे मांडीत आहे.

खाजगी वैमानिक म्हणजे कोण?

आपल्याकडे पुष्कळांची समजूत अशी आहे की विमान चालविणे हे फक्त विज्ञान शाखेच्या आणि श्रीमंत घरच्या मुलांचे काम. पैशाच्या बाबतीत ही समजूत बरीचशी खरी आहे. शिक्षणाच्या बाबतीत मात्र पूर्ण खरी नाही. मोबदला घेऊन विमान चालवायचे असेल तर व्यावसायिक परवाना लागतो. त्यासाठी २०० तासांचे उड्डाण आणि बारावीला भौतिकशास्त्र व गणित अशी अट १९९० च्या दशकापासून घातली गेली. ती काढून टाकण्याच्या हालचाली २०२५ मध्ये सुरू झाल्या. खाजगी परवान्याला ही अट नाही. वयाची १७ वर्षे पूर्ण, दहावी उत्तीर्ण, वैद्यकीय तपासणी, ठरलेल्या लेखी परीक्षा आणि किमान ४० तासांचे उड्डाण एवढे असले की खाजगी परवाना मिळतो. म्हणजे कला शाखेचा विद्यार्थीही त्याला पात्र आहे. या परवान्यावर स्वतःसाठी उडता येते, मित्रांना बरोबर नेता येते. पण भाडे घेता येत नाही.

भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळाला. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूपर्यंत जे विमान आणले, ते पस मॉथ नावाचे एक इंजिनाचे लहान विमान होते. भारतातील मोठ्या विमानसेवेचा उगम अशा एका लहान विमानात आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे या लहान विमानांकडे खेळणे म्हणून पाहण्याची सवय सुटते.

आधी गरज, मग विमान

बैल घेण्यापूर्वी शेतकरी स्वतःला विचारतो, की तो गाडीला हवा की नांगराला? विमानाच्या बाबतीत पहिला प्रश्न हाच आहे. एकट्याने सकाळी तासभर उडण्यासाठी दोन आसनांचे विमान पुरे होते. कुटुंबासह दूरच्या गावी जायचे तर चार आसनांचे पाहिजे. जो माणूस वर्षातून एकदा चौघांना घेऊन जाणार आणि बाकी सारे दिवस एकटा उडणार, त्याने चार आसनांचा खर्च वर्षभर का सोसावा?

जगात ज्या जातीची विमाने सर्वांत जास्त बनली, त्या सेसना १७२ चे उदाहरण घेऊ. हे विमान १९५५ साली प्रथम उडाले आणि आजवर ४४,००० हून अधिक तयार झाली. ते चार आसनांचे आहे. १९७० च्या दशकातील नमुन्याचे उड्डाणसमयीचे कमाल वजन सुमारे १,०४३ किलो भरते. रिकामे विमान सुमारे ६५० किलो धरले तर माणसे, सामान व इंधन यांसाठी ३९३ किलो उरतात. टाकीत १५१ लिटर पेट्रोल भरले तर त्याचेच वजन जवळजवळ १०९ किलो होते. उरले २८४ किलो. त्यात ७० किलोची चार माणसे बसविली की २८० किलो संपले. सामानाला राहिले फक्त चार किलो! तात्पर्य, चार खुर्च्या दिसल्या म्हणून चार माणसे, सामान आणि भरलेली टाकी हे सारे एकदम नेता येते असे नाही. एस. टी. मध्ये दाटीवाटीने बसण्याची आपली सवय येथे उपयोगाची नाही. ज्या विमानाचा सौदा करायचा, त्याच्या वजनाचा ताजा दाखला मागून हे गणित घरी बसून स्वतः करावे.

आपले ऊन आणि आपली उंची

परदेशी पुस्तकात दिलेले विमानाचे गुण आपल्या भागात जसेच्या तसे उतरत नाहीत. याचे कारण हवा हे होय. हवा तापली की विरळ होते, आणि उंचावरची हवा मुळातच विरळ असते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो आणि पुढचा पंखा, ज्याला प्रोपेलर म्हणतात, त्याची पकडही कमी होते. असे तिहेरी नुकसान एकाच वेळी होते.

जालना शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर, म्हणजे अंदाजे १,६५० फूट उंचीवर आहे. प्रमाण हवामानात समुद्रसपाटीला १५ अंश तापमान धरतात आणि दर हजार फुटांना सुमारे दोन अंश कमी करतात. या हिशेबाने येथे १२ अंशांच्या आसपास तापमान हवे. मे महिन्यात दुपारी पारा ४२ वर जातो, म्हणजे ३० अंश जास्त. दर जादा अंशाला सुमारे १२० फूट उंची वाढल्यासारखी होते, असा वैमानिकांचा ठोकताळा आहे. तीस गुणिले एकशेवीस म्हणजे ३,६०० फूट. त्यात आपले १,६५० मिळविले की ५,२५० फूट झाले. अर्थ असा, की मे महिन्याच्या दुपारी जालन्याच्या जमिनीवर उभे असलेले विमान सव्वापाच हजार फूट उंचीच्या डोंगरावर उभे असल्यासारखे वागते. त्याला धावायला जास्त लांबी लागते आणि ते चढते सावकाश.

म्हणून मराठवाड्यात विमान ठेवू इच्छिणाऱ्याने विमानाच्या पुस्तकातील तक्ता उघडून, आपल्या तापमानाचे व उंचीचे आकडे घालून, धावण्याचे अंतर काढावे. थंड देशात दोन माणसांना सहज नेणारे अशक्त इंजिनाचे विमान येथे उन्हाळ्यात धापा टाकील. शक्तीचे इंजिन असलेले विमान घेणे आणि पहाटेच्या गारव्यात उडणे, हे त्यावरचे दोन साधे उपाय होत.

इंजिनाचे दात

बैलाचे वय दातांवरून कळते. दोन दाती, चार दाती, जुळलेला असे आपण म्हणतो. विमानाच्या इंजिनाचे वय तासांवरून मोजतात. प्रत्येक इंजिन किती तास चालल्यावर संपूर्ण उघडून नवे करावे, याची मर्यादा निर्माता सुचवितो. सेसना १७२ च्या पुष्कळ नमुन्यांत असलेल्या लायकॉमिंग ओ-३२० या इंजिनाला ही मर्यादा साधारणतः २,००० तासांची आहे. अशा पूर्ण दुरुस्तीला ओव्हरहॉल म्हणतात आणि तिचा खर्च इतका मोठा असतो की जुन्या विमानाची किंमत या एका आकड्यावर खालीवर होते. १,८०० तास झालेले इंजिन स्वस्तात मिळाले तर ते स्वस्त नव्हे. दोनशे तासांनंतरचे बिल त्यात आधीच धरलेले आहे असे समजावे.

पण नुसत्या तासांवर भुलू नये. समजा, दोन विमाने विक्रीस आहेत. एकाचे इंजिन ओव्हरहॉलनंतर फक्त ३०० तास चालले, पण ते ओव्हरहॉल १५ वर्षांपूर्वीचे. म्हणजे वर्षाला अवघे २० तास! दुसऱ्याचे १,१०० तास झाले, पण चार वर्षांत, नियमित उडून. नवखा माणूस पहिल्याकडे धावतो. जाणकार दुसऱ्याकडे जातो. कारण उभे राहिलेले इंजिन आतून गंजते. लायकॉमिंगच्या या जातीत झडपा उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, इंजिनाच्या वरच्या भागात असतो. इंजिन बंद राहिले की त्यावरचे तेल हळूहळू खाली उतरते, आणि दमट हवेत त्या उघड्या पोलादाला गंज धरतो. पुढे इंजिन सुरू झाले की तो खडबडीत भाग घासून झिजू लागतो. म्हणूनच निर्माते तासांबरोबर वर्षांचीही मर्यादा सांगतात. या इंजिनाला ती १२ वर्षांची आहे. महिनोन्‌महिने दावणीला बांधलेला बैल दिसायला तुकतुकीत असतो, पण औताला जुंपला की बसतो. तसाच हा प्रकार आहे.

इंजिनाची तब्येत पाहण्याच्या काही ठरलेल्या चाचण्या आहेत. प्रत्येक सिलिंडरमध्ये ८० पौंड दाबाची हवा सोडतात आणि त्यातील किती दाब टिकतो ते पाहतात. ७५ च्या आसपास टिकला तर उत्तम. बराच खाली गेला तर हवा कोठून निसटते ते कान देऊन ऐकतात. धूर बाहेर पडण्याच्या नळीतून फुसफुस आली तर झडप बिघडली. तेल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंगा झिजल्या. तेलाची गाळणी कापून तिच्या घड्या उलगडतात. त्यात धातूचे चकचकीत कण आढळले तर इंजिन आतून खाल्ले जात आहे, हे निश्चित. प्रोपेलर कधी जमिनीला लागला होता का, हेही विचारावे. तसे घडले असेल तर त्या धक्क्याने इंजिनाच्या आतील मुख्य दांड्याला इजा झालेली असू शकते, आणि बाहेरून प्रोपेलर नवा बसविला तरी आतली इजा झाकली जात नाही.

सांगाडा: वय आणि वापर

लहान विमानांचे सांगाडे ढोबळमानाने दोन प्रकारचे. एक, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे. दुसरे, नळ्यांच्या किंवा लाकडाच्या चौकटीवर कापड ताणून रंगविलेले. दुसऱ्या प्रकारचे आपले उदाहरण म्हणजे हिंदुस्तान एअरोनॉटिक्सचे पुष्पक. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी जर्मनीत गॉटिंगेनला प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली विमानविद्येचा अभ्यास केला आणि बंगलोरला एचटी-२ हे प्रशिक्षण विमान सिद्ध केले. त्यांच्याच देखरेखीखाली तयार झालेले दोन आसनी पुष्पक १९५८ साली उडाले आणि पुढे कितीतरी वर्षे देशातील फ्लाइंग क्लबांतून त्यावर मुले शिकली. अशा विमानाचे कापड किती ताकदीचे उरले आहे, हे लहानशा दाबयंत्राने तपासतात. लाकूड असेल तर ओल, कीड आणि डिंकाचे सांधे पाहतात.

पत्र्याच्या विमानाचा शत्रू गंज. ॲल्युमिनियमचा गंज तांबूस नसतो; पांढऱ्या भुकटीसारखा असतो आणि रंगाखाली फोड आणतो. समुद्रकाठी उघड्यावर राहिलेल्या विमानात तो अधिक. नव्या रंगाने मोहित होऊ नये. एका पंखाचा रंग दुसऱ्याहून किंचित वेगळा दिसला, रिव्हेटांची रांग मध्येच वाकडी झाली, किंवा पत्र्यावर सुरकुती आढळली, तर तेथे कधीतरी अपघाताची दुरुस्ती झाली आहे असे समजून कागदात तिची नोंद शोधावी. दुरुस्ती झालेली असणे हा दोष नव्हे. ती लपविलेली असणे हा दोष.

येथे दोन खऱ्या घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. १९८२ साली, टपालसेवेला ५० वर्षे झाली त्या निमित्ताने, जे. आर. डी. टाटा यांनी वयाच्या ७८ व्या वर्षी कराची ते मुंबई हा प्रवास लेपर्ड मॉथ या एकइंजिनी विमानातून एकट्याने पुन्हा केला. ही जात १९३३ ते १९३६ या काळात बनलेली, आणि तिचे अंग प्लायवुडचे. जवळपास अर्धशतक जुने विमान नीट जोपासले होते म्हणून त्याने ते काम केले. उलट २०१८ साली अमेरिकेत पायपर जातीच्या एका प्रशिक्षण विमानाचा पंख हवेतच तुटला व दोघांचा मृत्यू झाला. ते विमान २००७ साली बनलेले, म्हणजे अवघे ११ वर्षांचे. पण शिकाऊ उड्डाणांत ते साडेसात हजारांहून अधिक तास राबले होते. पंखाच्या मुख्य तुळईत, बोल्टच्या भोकाजवळ, वारंवारच्या ताणाने धातू थकून बारीक भेग पडली होती. डोळ्यांना ती सहज दिसणारी नव्हती. या दोन घटनांवरून असा बोध होतो की किती वर्षे झाली याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, कोणत्या कामात किती राबले आणि कोणी कसे सांभाळले, याला महत्त्व आहे.

विमानाचा सातबारा

सातबारा पाहिल्याशिवाय आपण जमीन घेत नाही. मालक कोण, बोजा कोणाचा, हे आधी पाहतो. विमानाचेही तसेच आहे. नोंदणीचा दाखला, उड्डाणयोग्यतेचा दाखला, त्या योग्यतेच्या दरवर्षीच्या फेरतपासणीचा कागद, विमा आणि रेडिओचा परवाना हे पाहावेच लागतात. भारतीय विमानाच्या अंगावर व्हीटी या अक्षरांनी सुरू होणारी खूण असते. ती खूण, पाटीवरचा कारखान्याचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक जुळले पाहिजेत. विमानावर कर्ज आहे का, याची चौकशी करावी. परदेशातून जुने विमान आणायचे असल्यास नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी आधी मिळवावी लागते व विमानाचे वयही तपासले जाते. म्हणून पैसे देऊन मग परवानगी मागणे हा उलटा मार्ग धरू नये.

त्याहूनही मोलाच्या असतात नोंदवह्या. सांगाड्याची वेगळी, इंजिनाची वेगळी, प्रोपेलरची वेगळी. कारखान्यातून निघाल्या दिवसापासून प्रत्येक उड्डाणाचे तास, प्रत्येक दुरुस्ती आणि ती करणाऱ्याची सही त्यात असते. मधल्या दोन-तीन वर्षांची वही हरवली आहे, असे विक्रेता म्हणाला तर त्या काळात काय घडले हे कोणीच सांगू शकत नाही. विमानाची किंमत तेथेच उतरते.

या वह्यांत आणखी एक गोष्ट शोधायची असते. एखाद्या जातीच्या विमानात धोकादायक दोष आढळला की सरकारी खाते त्या जातीच्या सर्व मालकांना दुरुस्तीची सक्तीची सूचना देते. उदाहरणार्थ, सेसनाच्या पुढच्या खुर्चीची सरकपट्टी झिजली, तर विमान वर उचलले जात असतानाच वैमानिकाची खुर्ची झपकन मागे सरकते आणि त्याचे हात कांडीपासून दूर जातात. यामुळे अपघात झाले आणि १९८७ साली अमेरिकेत या पट्ट्यांच्या तपासणीची सक्ती झाली. एवढीशी पट्टी, पण प्राण घेणारी! आपल्या पसंतीच्या विमानाला अशा कोणकोणत्या सूचना लागू आहेत त्यांची यादी करावी आणि प्रत्येकीपुढे ती पूर्ण केल्याची तारीख व सही आहे का, ते एकेक करून पाहावे. हे काम कंटाळवाणे खरे, पण त्याला अभियंता लागत नाही. चिकाटीने वाचणारा कला शाखेचा विद्यार्थीही ते करू शकेल.

कागद किती जड असतो याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला घराच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. परंतु त्याची नोंदणी व्हायला २०१७ साल उजाडले आणि धुळ्याच्या धावपट्टीवर त्याच्या उड्डाणाच्या चाचण्या झाल्या त्या २०२० मध्ये. यंत्र तयार असणे आणि त्याला उडण्याचा अधिकार असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

इंधन, सुटे भाग आणि कारागीर

१९३२ च्या त्या पहिल्या टपाल उड्डाणात अहमदाबादला विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते. आज काळ बदलला, तरी इंधनाचा प्रश्न सुटलेला नाही. जुन्या लहान विमानांच्या पिस्टन इंजिनांना ॲव्हगॅस नावाचे खास पेट्रोल लागते. मोठी जेट विमाने जे जाळतात ते एटीएफ रॉकेलच्या जातीचे. ते या इंजिनात चालत नाही. एटीएफ बहुतेक मोठ्या विमानतळांवर मिळते, ॲव्हगॅस मोजक्या ठिकाणी. पूर्वी ॲव्हगॅस परदेशातूनच येई. इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या कारखान्यात तयार केलेले देशी ॲव्हगॅस २०२२ साली बाजारात आले. एटीएफवर चालणारी डिझेल जातीची विमान इंजिनेही आता निघाली आहेत. डायमंड डीए-४० एनजी हे त्याचे उदाहरण. अशी विमाने महाग असतात, पण जेथे ॲव्हगॅस मिळत नाही तेथे स्वस्त विमानही निरुपयोगी ठरते. म्हणून विमान पाहण्यापूर्वी आपण जेथे ते ठेवणार तेथे कोणते इंधन मिळते, ते पाहावे.

सुट्या भागांचेही तेच. १९३० साली आगाखान पारितोषिकासाठी इंग्लंड व भारत यांच्या दरम्यान एकट्याने उडण्याची स्पर्धा होती. जे. आर. डी. कराचीहून निघाले होते, तर ॲस्पी इंजिनिअर इंग्लंडहून येत होते. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली तेव्हा ॲस्पी स्पार्क प्लगसाठी अडले होते. जे. आर. डीं. नी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला दिले. ॲस्पींनी स्पर्धा जिंकली आणि पुढे ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. आपल्याला असा उदार प्रतिस्पर्धी वाटेत भेटेलच असे नाही! जे विमान देशातील फ्लाइंग क्लब व प्रशिक्षण संस्था वापरतात, त्याचे भाग आणि जाणते कारागीर मिळण्याचा संभव अधिक. सुंदर पण एकुलते एक असलेले परदेशी विमान घेणाऱ्यावर एका वॉशरसाठी महिनोन्‌महिने थांबण्याची पाळी येते.

तपासणारा कोणाचा?

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मीच पहिला. पण पारखीच्या बाबतीत आमच्या वडिलांइतके शिक्षण मला अजून मिळालेले नाही. जुना ट्रॅक्टर घ्यायला जाताना त्यांनी गावातला मिस्त्री स्वतःच्या खर्चाने बरोबर नेला. विकणाऱ्याने आपला मिस्त्री देऊ केला, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "मिस्त्री आपला पाहिजे, इकणाऱ्याचा नगं." विमानाच्या बाबतीत जगभरचे जाणकार नेमके हेच सांगतात. तपासणारा परवानाधारक अभियंता त्या जातीच्या विमानाचा माहितगार असावा, त्याने आजवर ते विमान विक्रेत्यासाठी सांभाळलेले नसावे, आणि त्याची फी खरेदीदाराने द्यावी.

तपासणीचा क्रमही महत्त्वाचा आहे. ज्या गोष्टींना खर्च नाही त्या आधी कराव्यात. पहिल्यांदा कागद आणि नोंदवह्या. त्या पटल्या तर विमान डोळ्यांनी पाहावे. ते पटले तर अभियंत्याकडून उघडून तपासणी. तीही पार पडली तर शेवटी अनुभवी वैमानिकाबरोबर उड्डाण. त्यात दोन्ही मॅग्नेटो वेगवेगळे बंद करून इंजिनाच्या फेऱ्या किती उतरतात ते पाहावे, हात सोडल्यावर विमान एका बाजूला कलते का, तेलाचे तापमान व दाब स्थिर राहतात का, ब्रेक आणि रेडिओ ठीक आहेत का, हे टिपून घ्यावे. विसार द्यावाच लागला तर तपासणीत मोठा दोष निघाल्यास तो परत मिळेल, असे कागदावर लिहून घ्यावे.

खर्चाची फोड

विमानाची किंमत हा खर्चाचा आरंभ होय, शेवट नव्हे. खर्च दोन प्रकारचा असतो. एक, विमान उडो वा न उडो, द्यावाच लागणारा: हँगरचे भाडे, विमा, वार्षिक तपासणी. दुसरा, प्रत्येक तासागणिक वाढणारा: इंधन, तेल, आणि पुढच्या ओव्हरहॉलसाठी बाजूला टाकायची रक्कम. सेसना १७२ सारखे विमान तासाला साधारण ३० ते ३५ लिटर पेट्रोल पिते.

समजा, स्थिर खर्च वर्षाला सहा लाख रुपये आला. हा आकडा केवळ हिशेबासाठी घेतला आहे. मालक वर्षाला ५० तास उडाला तर तासाला १२,००० रुपये इंधनाआधीच पडले. २०० तास उडाला तर ३,०००. म्हणजे थोडे उडणाऱ्याला स्वतःचे विमान सर्वांत महाग पडते आणि वर सांगितल्याप्रमाणे त्याचेच इंजिन लवकर गंजते. अशा माणसाने चौघांत मिळून विमान घ्यावे. विहिरीत जसे भावाभावांचे पाणी पाळीने वाटून घेतात तसे. मात्र पाळी, खर्च आणि मोडतोडीची जबाबदारी लेखी असावी. नाही तर विहिरीवरून होतात तशी भांडणे विमानावरूनही होतील. किंवा फ्लाइंग क्लबचे विमान तासाच्या दराने घ्यावे. १९२८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबने आपले उड्डाण प्रशिक्षण धुळ्याला नेले, बारामती व गोंदिया येथेही प्रशिक्षण संस्था आल्या. म्हणजे ही विद्या आता मुंबईपुरती राहिलेली नाही.

नाही म्हणण्याचे धैर्य

शेवटी एक हिशेब मांडतो. एका इंजिनाचे विमान हवेत असताना ते इंजिन बंद पडले तर विमान दगडासारखे पडत नाही. ते घसरत, तरंगत खाली येते. सेसना १७२ एक किलोमीटर उंची गमावताना सुमारे नऊ किलोमीटर पुढे जाते. जालन्यावर जमिनीपासून ५,००० फूट, म्हणजे दीड किलोमीटर उंचीवर इंजिन थांबले तर वैमानिकाजवळ साधारण चौदा किलोमीटरचा पल्ला उरतो. तेवढ्यात बदनापूरही येत नाही. त्या अंतरातच एखादे मोकळे, सपाट रान शोधून उतरायचे. पावसाळ्यात आपली काळी जमीन चाक रोवते, आणि उभ्या कपाशीत किंवा मोसंबीच्या बागेत उतरणे म्हणजे काय, हे येथल्या वाचकाला सांगायला नको. ट्रॅक्टर बिघडला तर आपण तो बांधाला लावतो आणि मिस्त्रीला बोलावतो. आकाशात बांध नसतो.

म्हणून विमान पारखण्यात सर्वांत अवघड भाग इंजिनाचा किंवा कागदाचा नाही, तो मनाचा आहे. माणूस दूरवरून येतो, विमानात बसतो, त्याचे मन जडते. मग दिसलेला दोषही तो न दिसल्यासारखा करतो. विक्रेता घाई करतो, दुसरे गिऱ्हाईक उभे आहे म्हणतो. अशा वेळी तपासणीवर झालेला खर्च सोडून देऊन रिकाम्या हाताने परत येणे हाही यशस्वी सौदाच होय. आपल्या बाजारात बैल न घेता परतणाऱ्याला कोणी मूर्ख म्हणत नाही. "पसंत पडला न्हाई," एवढेच तो सांगतो आणि घरची माणसेही ते मान्य करतात.

आज आमच्यापैकी कोणी विमान घेण्याच्या स्थितीत नाही, हे मला माहीत आहे. परंतु १ मे १९८१ रोजी नवा झालेला हा जिल्हा बियाण्यांच्या व पोलादाच्या व्यवसायात पुढे आला, तो येथल्या माणसांनी माल पारखून घेतला व पारखून दिला म्हणून. उद्या येथील एखादा मुलगा किंवा मुलगी दहावीच्या गुणपत्रिकेवर खाजगी परवाना मिळवील. त्या वेळी त्याने किंवा तिने रंग पाहून नव्हे, तर वह्या वाचून विमान निवडावे. त्यासाठी लागणारी सावध नजर आपल्या घरातच आहे. तिला फक्त नव्या वस्तूची माहिती जोडायची आहे.